जरा डावीकडे ओढतं

डुलुथ. पहाटेचे पाच वाजून दहा, उणे एकवीस.
रात्री अकराला उतरायचं होतं, बर्फानं अडकवलं.
इंजिनं थंडावताना टिकटिकतात.
मी सीट मागे घेत नाही.
माझ्या उंचीवर तशीच ठेवून उठतो,
येईल त्यानं आपली आपण करून घ्यावी.

साडेसहाला हे विमान फिनिक्सवाल्यांचं.
कालपर्यंत आमचं होतं.
शेपटीवरचा आकडा तोच, चारशे सतरा,
कप ठेवायची खाच तशीच चिरलेली,
सनशेडच्या तुटक्या चापाला एकस्ट्रॉमनं बांधलेलं
त्याच्या मुलीचं जांभळं केसांचं रबरही तिथंच.
करार मात्र दुसरा. युनियन दुसरी.
गळ्यातली दोरी त्यांची निळी, आमची पिवळी.

मार्चमध्ये दोन कंपन्यांचं लग्न लागलं,
शिकागोच्या हॉटेलात, केक कापून.
साहेब म्हणाले, ताटातलं वाटीत जातंय, एवढंच.
मागच्या रांगेतून लुंडीन ओरडला,
ताट कोणाचं ते आधी सांगा!
कोणी हसलं नाही.
केक चांगला होता.

तेवीस वर्षं घासून माझा नंबर दोनशे बारा झाला होता.
नव्या यादीचा मसुदा आला तेव्हा मी
गॅरेजमध्ये बर्फाचं फावडं शोधत होतो.
फोनवर अंगठा खाली, खाली, आणखी खाली.
एक हजार नऊशे चाळीस.
आतून बायकोनं विचारलं, सापडलं का?
हो म्हणालो.

लवादाचा निकाल लागेस्तोवर मध्ये कुंपण आहे,
कागदावरचं:
आमची विमानं आम्ही उडवू, त्यांची त्यांनी.
आणि कंपनी रात्रीची बांध कोरते.
आज एक, परवा दोन,
या हिवाळ्यात नऊ गेली पलीकडे.
पोरं मोजत बसतात, एका विमानामागे किती जणांची भाकरी.
युनियनचा निरोप आला:
नोंदवहीत लिहायचं ते लिहा,
त्यापुढे त्यांच्याशी एक शब्द नको.

अडचण अशी,
की चारशे सतरा उतरल्यावर जरा डावीकडे ओढतं.
मर्यादेत आहे. मेकॅनिकनं तीनदा पाहिलंय.
नोंदवहीत लिहिण्याजोगं काही नाही.
घसरड्या धावपट्टीवर पायालाच कळतं फक्त,
उजवा पाय आधीपासून थोडा जागा ठेवावा लागतो.
हे शिकायला मला दोन हिवाळे लागले.
कोणी शिकवलं नव्हतं.
मग मी का?

जेटब्रिजमध्ये ती समोरून येते,
निळी दोरी, वाळवंटातल्या थंडीचा पातळ कोट,
नाक लालबुंद. छातीवर पाटी: आर. किंतेरो.
ती बाजूला होते, मी बाजूला होतो,
दोघंही एकाच बाजूला. मग दुसऱ्या.
नजर चुकवून शेवटी सुटतो.

चार पावलं जातो.
पाचव्याला थांबतो, आणि बॅगेच्या चाकाशी बोलावं तसा
खाली बघून म्हणतो,
उतरल्यावर जरा डावीकडे ओढतं.

अजून?
ती म्हणते.

मी मान वर करतो.

आमच्याकडेच होतं हे आधी, ती म्हणते,
कोरं आलं तेव्हापासून ओढतंय.
तुम्हाला विकलं तेव्हा आम्ही पार्टी केली होती.
हातमोजा दातात धरून ती बोटांवर फुंकर घालते
आणि आत जाते.

हॉटेलच्या व्हॅनचा हीटर बंद.
एकस्ट्रॉम विचारतो, काय म्हणत होती?
मी म्हणतो, काही नाही.
काच पुसून बघतो.
वर कॉकपिटात पिवळा दिवा लागलाय,
त्यात एक डोकं पुढे सरकतं, खाली जातं,
पुन्हा थोडं वर.

सीट लावतेय.
तेवढं तरी सांगायला हवं होतं,
की खटका अडकतो, आधी मागे रेटावा लागतो.

हे पण माहीत असेल म्हणा तिला.